स्वाहिलीच्या वर्गात सापडलेलं खोटं पान

मी बेळगावचा. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर टांगा नावाच्या बंदरगावी, घायपाताचे दोर वळणाऱ्या कारखान्यात पाच वर्षं फिटर होतो. परत आल्यावर त्या दिवसांवर एक लहानसं पुस्तक लिहिलं. ते बेळगावातच छापलं, पाहुण्यारावळ्यांत वाटलं, दोन-तीन वाचनालयांनीही ठेवून घेतलं. त्या पुस्तकात दोन गोष्टी खोट्या आहेत. एक मी अज्ञानापोटी लिहिली आणि दुसरी जाणूनबुजून. गेल्या महिन्यात मुलीकडे बेंगळुरूला जाऊन आलो, तेव्हा या दोन्ही गोष्टी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. म्हणून हे लिहितो आहे.

शनिवार, एचएसआर लेआउट

माझी मुलगी वैदेही बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या यंत्रांचं काम बघते. कंपनीने तिची मोंबासाला दोन वर्षांसाठी बदली केली आहे. जाण्याआधी चार शब्द यावेत म्हणून ती दर रविवारी स्वाहिलीच्या शिकवणीला जाते. मी पोचलो त्या दिवशी तिने चहाबरोबर वहीच माझ्यापुढे ठेवली.

"बाबा, तुम्हाला तर सगळं येत असेल. घ्या माझी परीक्षा."

"पन्नास वर्षं झाली गं."

"आई म्हणायची, सायकल आणि भाषा विसरत नाहीत."

सुमती असं म्हणायची खरी. ती जाऊन सहा वर्षं झाली.

वही चाळताना मजा वाटली. स्वाहिलीत मोटारीला गारी, साबणाला साबुनी, लाखाला लाकी, विम्याला बीमा आणि आंब्याला एम्बे म्हणतात. दुनिया तर दुनियाच. वाऱ्यावर चालणारी गलबतं आपल्या किनाऱ्यावरून तिकडे जायची आणि वारा फिरला की परत यायची. माल उतरवताना शब्दही उतरायचे. पण मूळ घडण आफ्रिकेचीच. आपण शब्दाच्या शेपटीत फरक करतो, ते तोंडाशी करतात. म्तोतो म्हणजे मूल, वातोतो म्हणजे मुलं. किती म्हणजे खुर्ची, विती म्हणजे खुर्च्या. अरबांकडून किताब आला, त्याचाही त्यांनी किताबू केला, आणि त्यातल्या 'कि'ला आपल्याच घरचा समजून अनेक पुस्तकांना विताबू म्हणू लागले. पाहुण्याला जावई करून घेण्याचाच हा प्रकार.

"उद्या चला माझ्याबरोबर," वैदेही म्हणाली. "बाईंना मी सांगून ठेवलंय, माझे वडील टांग्याला होते म्हणून."

मला जायचं नव्हतं. गुडघ्याचं कारण सांगून पाहिलं.

"रिक्षाने जायचंय. तुम्हाला कुठे पळायचंय?"

रविवार, के. आर. पुरम

या रविवारपासून वर्गाची वेळ बदलणार होती आणि शिक्षिकेने फोनवर निरोप पाठवला होता, 'सा कूमी'. कूमी म्हणजे दहा. म्हणून आम्ही सकाळी नऊलाच निघालो. रिक्षावाल्याशी मी माझ्या उत्तरेकडच्या कन्नडात बोललो, तर त्याने आरशातून बघत विचारलं, "अज्जा, हुबळीकडचे का?" बेळगाव म्हटल्यावर तो हसला. "तरीच. तुमचं कन्नड भांडल्यासारखं वाटतं, पण गोड." तारांच्या मोठ्या पुलाखाली अर्धा तास अडकलो, तेवढ्यात त्याची आमची ओळख झाली. मीटरवर त्याने 'स्वल्प' जास्त मागितले. वैदेहीने ते दिलेही, मला म्हणाली, तुमच्या कन्नडाची फी.

शिक्षिकेच्या घराचं दार उघडं होतं, पण वैदेही उंबऱ्याबाहेरच थांबली आणि तिने हाक दिली, "होदी!"

त्या किनाऱ्यावर कुणाच्या घरात शिरण्याआधी अशीच हाक द्यायची असते. आतून 'करीबू', म्हणजे 'या', असं आलं की पाऊल टाकायचं. तीनदा हाक देऊनही उत्तर आलं नाही, तर दार उघडं असलं तरी मुकाट्याने मागे फिरायचं. माझ्या कानावर तो शब्द पन्नास वर्षांनी पडला आणि मी भिंतीला हात टेकला. वैदेहीला वाटलं, गुडघाच.

"करीबू, करीबू!" आतून एक उंच, चाळिशीतल्या बाई आल्या. हाताला पीठ लागलेलं. या रेहेमाबाई. मोंबासाच्या जुन्या गावातल्या. इथे औषधशास्त्र शिकायला आल्या, इथेच नोकरी मिळाली. त्यांनी मला पाहिलं, किंचित वाकल्या आणि म्हणाल्या, "शिकामू, म्झे." म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. शिकामू म्हणजे अक्षरशः 'पाय धरते'. वडीलधारं माणूस दिसलं की धाकट्याने आधी हे म्हणायचं. वाकून नमस्कार आपण करतो, ते तोंडाने करतात. याचं उत्तर माझ्या तोंडून आपोआप आलं, "मराहाबा."

"अरे वा! पण तुम्ही इतक्या लवकर कशा आलात?" त्या हिंदीत वैदेहीला म्हणाल्या. "मी सा कूमी सांगितलं होतं."

"दहा वाजलेत ना?"

रेहेमाबाई पीठ लागलेल्या हाताने कपाळ धरून हसायला लागल्या. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. स्वाहिलीत दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास. दहावा तास म्हणजे दुपारचे चार! आपल्याकडे घटका-प्रहर उजाडल्यापासूनच मोजायचे, तसंच हे. पाच वर्षं मी त्या हिशेबाने कारखान्याचा भोंगा ऐकला होता आणि तरी लेकीबरोबर सहा तास आधी येऊन उभा राहिलो होतो.

"बाबा! तुम्ही काय केलंत तिथे पाच वर्षं?"

"यंत्रं दुरुस्त केली."

परत जायचं आम्ही म्हणालो, पण रेहेमाबाईंनी ऐकलं नाही. "घरमालकीण लक्ष्मीअक्का मला रोज सांगतात, ऊट माडी, ऊट माडी, जेवून घ्या. मी इथे येऊन तेवढं तरी शिकले. बसा."

मग आमचा सगळा दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात गेला. त्यांनी महाम्री तळल्या. वेलदोडा घातलेल्या, आतून पोकळ, जाडसर गोड पुऱ्या. त्यांच्याबरोबर नारळाच्या दुधात शिजवलेली म्बाझी, म्हणजे आपली तूर. आपल्या तुरीच्या सोल्यांची आमटी तिखटजाळ, ही मात्र सौम्य, जराशी गोड. मी तीन वाट्या खाल्ल्या. नारळ खवायला त्यांनी एक घडीचं लाकडी आसन काढलं. पुढे दातेरी पातं. त्याला म्हणतात म्बूझी, म्हणजे शेळी. घोड्यावर बसतात तसं तिच्यावर बसून खवायचं.

"हे तर आमच्याकडे होतं," वैदेही एकदम म्हणाली आणि बसलीसुद्धा. "आई दुसऱ्या कशावर नारळ खवायचीच नाही. आम्हाला हात लावू द्यायची नाही. नाही का हो बाबा?"

मी मान हलवली. ती शेळी सुमतीला कुणी दिली होती, ते मला माहीत होतं.

चार वाजता वर्गातला दुसरा विद्यार्थी आला. निखिल, नागपूरचा, संगणकातला, नैरोबीला निघालेला. "काका, तुम्ही तर सीनियर," म्हणून त्याने मला खुर्ची दिली. रेहेमाबाईंनी त्या दिवशी कवितेपासून सुरुवात केली. त्यांच्याकडे शेकडो वर्षांची लांबलचक काव्यं आहेत, आधी अरबी लिपीत लिहिलेली, घराघरांत गाऊन म्हटली जाणारी. चार चरणांचं कडवं. पहिल्या तीन चरणांचं यमक जुळतं आणि चौथ्याचं यमक कडव्यागणिक तेच, अगदी काव्य संपेपर्यंत. त्यांनी हातावर ताल धरून म्हणून दाखवलं. मी ऐकत राहिलो. तीन चरण जुळलेले आणि चौथा वेगळा, ही तर आपली ओवी. फक्त आपला चौथा चरण मोकळा सुटतो, त्यांचा शेवटपर्यंत बांधलेला.

आणि मी माझ्या पुस्तकात काय लिहिलं होतं? 'स्वाहिली ही बाजारात जमलेली खिचडी भाषा. हिला स्वतःचं साहित्य नाही.' ज्या भाषेत मी पाच वर्षं 'पाना आण, तेल ओत' यापलीकडे काही ऐकायला थांबलो नाही, तिच्याबद्दल मी हा निकाल दिला होता. ही पहिली चूक. ती मी तिथल्या तिथे, वर्गात सांगून टाकली. रेहेमाबाई म्हणाल्या, "पोले, म्झे." म्हणजे बिचारे तुम्ही. निखिल हसला, मीही हसलो. अज्ञान कबूल करायला फारसं काही लागत नाही.

मग त्यांनी कपाटातून कापडं काढली. कांगा. बायका कमरेला, खांद्यावर, डोक्यावर गुंडाळतात ते सुती कापड. चारी बाजूंनी रुंद काठ, मध्ये नक्षी, आणि खालच्या काठाच्या वर रोमन अक्षरांत छापलेली एक ओळ. कधी म्हण, कधी आशीर्वाद, कधी टोमणा. तोंडाने बोलता येत नाही ते बाई कांग्यावर बोलते. सवतीला, सासूला, शेजारणीला. अपमान झाला तरी भांडता येत नाही, कारण कुणी काही बोललेलंच नसतं.

"डेंजर आहे," निखिल म्हणाला. "म्हणजे हे स्टेटस टाकल्यासारखंच झालं."

"स्टेटसच्या फार आधीपासून," रेहेमाबाई म्हणाल्या.

"माझ्या आईच्या बाबतीत झालंय हे," वैदेही म्हणाली. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "टांग्याला तिची एक शेजारीण होती, झुहूरा. दोघी दिवसभर बरोबर. आई तिच्याकडूनच बोलायला शिकली. आणि एके दिवशी झुहूराने तिला कांगा दिला आणि त्यावर टोमणा. 'जवळ बसतेस, पण तुझ्या पोटातलं मला ठाऊक आहे.' आईला इंग्रजी अक्षरं येत नव्हती, बाबांनी वाचून सांगितलं. बाबांनी पुस्तकात लिहिलंय. आपल्याच जोडीतला अर्धा दिला होता तिने."

रेहेमाबाईंनी कापडाची घडी घालता घालता थांबून विचारलं, "जोडीतला अर्धा?"

कांगा नेहमी जोडीने विकतात. एकसारखे दोन, न कापलेले. घरी आणून मधोमध कापायचे आणि कडा शिवायच्या.

"हो. एक स्वतःला ठेवला, एक आईला."

"असं कसं होईल?" त्या मला म्हणाल्या. "म्झे, टोमण्याचा कांगा बाई स्वतः नेसते आणि जिला ऐकवायचं तिच्या दारावरून चालत जाते. तो कुणी भेट देत नाही. आणि जोडी फोडून अर्धा देतात तो बहिणीला, नाहीतर बहिणीसारखीला. म्हणजे दोघींनी सारखं नेसायचं. जोडी फोडून कोण कुणाचा अपमान करेल? तो टोमणा तिच्याही अंगावर राहील ना."

मी मान खाली घालून कांग्याचा काठ बघत राहिलो. त्या भल्या बाईला वाटलं, मी ओशाळलो. "तुम्ही तेव्हा नवीन होता. वाचताना चुकलं असेल," त्यांनीच मला वाट काढून दिली.

"हो," वैदेही म्हणाली. "बाबांचं चुकलंच असणार. काय हो बाबा?"

मी म्हणालो, "असेल."

परतीच्या रिक्षात ती हळहळत होती. "बिचारी आई. नुसत्या वाचण्याच्या चुकीपायी एवढं झालं. आणि तुम्हीही बिचारे, तुम्हाला कळलंच नाही." तिने माझा हात हातात घेतला. मी तो सोडवून घेतला नाही. पण त्या वाटेवर, रस्त्यावरच्या सगळ्या गर्दीत, मला माझ्या आयुष्यातलं सर्वांत न पेलणारं काही मिळालं असेल, तर ते तिचं माझ्याबद्दलचं वाईट वाटणं.

सोमवार, एचएसआर लेआउट

सकाळी वैदेहीची ऑफिसची बस यायला अर्धा तास होता. घरासमोरच्या बागेत आम्ही फिल्टर कॉफीचे पेले घेऊन बसलो. मी म्हणालो, "मला वाचता येत होतं."

"काय?"

"कांगा. मला नीट वाचता येत होतं. त्यावर 'वेमा हाउओझी' असं होतं. चांगुलपणा नासत नाही."

तिला अर्थ लावायला क्षणभर लागला. मग तिने पेला बाकावर ठेवला.

मी सगळं सांगितलं. तिथे आम्हा हिंदुस्थानी लोकांचा एक क्लब होता. संध्याकाळी पत्ते, रविवारी भजी. तिथे एका वरिष्ठाच्या बायकोने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमच्या मिसेस हल्ली इथल्या लोकांच्याच अंगणात बसतात म्हणे? उद्या जेवायलाही तिकडेच का?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन सुमतीला 'जाऊ नकोस' म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. तिने 'का' म्हणून विचारलं असतं. आणि माझ्याकडे द्यायला उत्तर नव्हतं. शिवाय तिला माझ्यापेक्षा चांगलं बोलता यायचं. बाजारात लोक माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलायचे, तेही मला खुपत होतं. त्याच आठवड्यात झुहूराने कांगा दिला. सुमतीने हौसेने माझ्यापुढे धरला, "वाचा ना, काय लिहिलंय?" बाजारात दुसऱ्या एका कांग्यावर पाहिलेली ओळ माझ्या ध्यानात होती. ती मी वाचून दाखवली.

"मग?" वैदेहीने विचारलं. आवाज अगदी हळू.

"तिने घडी घातली. झुहूराच्या पायरीवर नेऊन ठेवला. हाक न देता."

"आणि ती?"

"झुहूरा आली होती. लागोपाठ तीन दिवस. दारात उभी राहून होदी म्हणायची. तुझी आई आत बसलेली असायची. तिसऱ्या दिवशी मीही घरी होतो. पेपर वाचत होतो."

वैदेही उठून उभी राहिली. फाटकापाशी बस आली होती, पण ती बसकडे बघत नव्हती. "बाबा, बेळगावात आई कुणाच्या घरी जायची नाही. हळदीकुंकवाला नाही, भिशीला नाही. मला सांगायची, फार जवळ कुणाला घेऊ नये, माणूस ओळखू येत नाही. मी ते खरं मानून मोठी झाले. माझ्याही मैत्रिणी टिकल्या नाहीत. मला वाटायचं, हा आमच्या घरचा शहाणपणा आहे."

"वैदेही..."

"आणि ती शेळी? नारळाची?"

"झुहूरानेच दिलेली. कापड परत केलं, ती मात्र तुझ्या आईने ट्रंकेत घालून आणली. मला काही बोलली नाही."

"मला दोन दिवस तुमच्याशी बोलायचं नाही," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

गुरुवार

दोनाचे तीन दिवस झाले. पानात वेळेवर वाढलं जायचं, गोळ्यांची डबी भरलेली असायची. बोलणं नाही. मी बागेत जाऊन बसायचो. आयटीतली पोरं कानांत इअरफोनची बोंडं घालून चालत असायची. पुणेरी, वऱ्हाडी मराठी इंग्रजीत बुडवून कानावर यायची. एका बाकावर रोज दोन म्हाताऱ्या बसायच्या, एक कन्नड, एक बंगाली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती असं मला दिसत होतं, तरी तास तास चालायचं त्यांचं. दुरून मला 'सरी, सरी', म्हणजे 'बरं, बरं', एवढंच ऐकू यायचं. मी तिकडे पाठ करून बसायला लागलो.

गुरुवारी संध्याकाळी वैदेहीने वही माझ्यापुढे उघडली.

"झुहूराचं घर कुठे होतं, ते लिहा. गल्ली, मशीद, नवरा काय करायचा, मुलं किती. आठवेल ते सगळं. टांगा मोंबासाहून फार लांब नाही."

मी लिहिलं. नकाशाही काढला. घराबाहेर दगडी ओटा, त्याला तिकडे बराझा म्हणतात, तोही दाखवला. नवरा बंदरावर होड्यांची डागडुजी करायचा. दोन मुली होत्या, थोरलीचं नाव मला आठवलं, धाकटीचं आठवलं नाही. झुहूरा माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान असेल. असली, तर.

"भेटली तर," मी म्हणालो, "माझी माफी सांग तिला."

वैदेहीने वही मिटली. "नाही. तुमचा निरोप मी नेणार नाही. तुम्ही खोटं छापलंत, खरंही तुम्हीच छापा. स्वतःच्या नावाने. मी आईचा निरोप नेईन."

"काय सांगशील?"

"की तिला चुकीचं सांगितलं गेलं. कुणी, तेही सांगेन."

पुढच्या रविवारी ती एकटीच शिकवणीला गेली. वेळेवर, दुपारी चारला. मी सोमवारच्या गाडीने बेळगावला परतलो. स्टेशनवर तिने डबा दिला, वाकून नमस्कार केला. माझ्या तोंडून आशीर्वाद निघाला नाही, नुसता हात तिच्या डोक्यावर राहिला.

माझ्या पुस्तकाच्या प्रती ज्यांच्याकडे असतील, त्यांनी पान एकसष्ट वाचताना हे सोबत ठेवावं. वाचनालयांना मी वेगळी पत्रं घातली आहेत. झुहूराने माझ्या बायकोचा अपमान केला नव्हता. आणि सुमतीही इतकी भोळी नव्हती की तिने एका झटक्यात विश्वास ठेवला. त्या दुपारी ती बराच वेळ कापड हातात घेऊन उभी होती. मग म्हणाली, "नाही हो, झुहूरा असं लिहिलेलं आणणार नाही. नीट बघा, पुन्हा एकदा वाचा."

मी चष्मा पुसला, कापड खिडकीच्या उजेडात धरलं आणि पुन्हा तेच वाचून दाखवलं.